टेपाडाची मान

भागीआत्यानं मला पहिल्यांदा सांगितलं ते एवढंच : "थांबू नको."

मी थांबलो होतो. धरणाच्या पोटातल्या खडकाळ टेपाडावर माझ्या बुटापासून हातभर अंतरावर चार अंडी होती. मातीच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची, निमुळती टोकं आत करून मांडलेली. मी वाकून बघत होतो. समोरून डोक्यावर पाटी घेतलेली एक वयस्क बाई आली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, अंड्यांकडेही पाहिलं नाही. जवळून जाताना म्हणाली, "थांबू नको. चाल. वांगी कशी दिली ते विचार मला."

मी गोंधळून तिच्या मागं चालू लागलो आणि खरंच विचारलं, "वांगी कशी दिली?"

"तुला फुकट," ती मोठ्यांदा म्हणाली.

पाण्याकाठी पोचल्यावर तिनं पाटी खाली ठेवली. पाण्यात उभ्या असलेल्या एका वाळक्या झाडाकडे नुसत्या डोळ्यांनी खूण केली. झाडावर दोन कावळे होते.

"त्यांना अंडी दिसत नायत. त्यांना आपण दिसतो. आपण जिथं थांबतो तिथं ते मागनं जाऊन बघतात."

मी तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या त्या लहानशा धरणावर पाणी मोजायला नवीन आलो होतो. रोज सकाळी आठ वाजता भिंतीवरच्या पट्टीचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि वर फोन करून कळवायचा. पट्टीवरचे आकडे पांढऱ्या ऑइल पेंटनं रंगवलेले. ते फिके पडले की मीच नव्यानं रंगवायचो. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी याहून फार मोठं काही केलेलं नाही. भागीआत्या मला पट्टीवाला म्हणायची. माझं नाव तिला ठाऊक होतं, पण तिनं ते कधी घेतलं नाही.

धरण भरलेलं असताना टेपाड पाण्याखाली असतं. फेब्रुवारीच्या सुमारास त्याची पाठ वर येते आणि चारी बाजूंनी पाणी असलेलं बेट तयार होतं. टिटव्या, शेकाट्या, चिखल्या असली पाण्याकाठची पाखरं तिथं अंडी घालतात. कुत्रं येणार नाही, म्हैस येणार नाही, हे बघूनच ती जागा निवडतात. पण अंडी उबेपर्यंत पाणी आणखी उतरतं, आणि एका बाजूनं टेपाडाला काठाशी जोडणारी चिंचोळी पट्टी उघडी पडते. तिला सगळे टेपाडाची मान म्हणत. मान वर आली की बेट संपलं. पाखरांची अंडी मात्र तिथंच.

म्हणून भागीआत्या मान कापायची. फावडं घेऊन पट्टीत आडवा चर खणायचा, म्हणजे टेपाडाभोवती पाणी खेळतं राहतं. पाणी रोज उतरायचं, म्हणून चरही रोज खोल करायचा. काठाच्या बाजूला बोरीच्या काटेरी फांद्या टाकायच्या. पासष्टीची बाई, गुडघ्यांत वात, आणि रोज सकाळी तासभर चिखलात. उतरलेल्या पाण्याच्या जागी जे गाळाचे तुकडे मोकळे होतात, तिथं गावची माणसं उन्हाळ्यात वांगी, काकडी, कलिंगडं लावतात. आत्याचाही एक तुकडा होता. तो ती अर्धवट सोडून चरावर यायची.

माझा तिला उपयोग एकच होता. आठच्या सुमारास मी भिंतीवरून खाली आलो की ती विचारायची, "आज किती उतरलं?"

"आठ सेंटिमीटर."

"बोटांत सांग रे."

"चार बोटं."

मग ती चार बोटं फावड्याच्या पात्यावर आडवी ठेवायची आणि तेवढं खणायची. काही दिवसांनी दुसरं फावडं माझ्या हातात आलं. ते तिनं दिलं की मी मागितलं, आठवत नाही.

तिला घरटी तोंडपाठ होती. "फुटक्या जात्यापुढं चार पावलं, टिटवी. तिच्या उजव्या अंगाला, पाण्याच्या कडेला, तलाठी." तलाठी म्हणजे शेकाट्या. काटकुळे तांबडे पाय उचलत चिखलातून चालणारा तो काळापांढरा पक्षी पाहिला की ती म्हणायची, "बघ, पँट वर धरून मोजणीला निघाला." मी एकदा घरट्यांचा नकाशा काढायला घेतला. तिनं कागदाकडे नुसतं पाहिलं. "कागद वाऱ्यानं उडंल, कुणाच्या हाती लागंल. खूण डोक्यात ठेवायची. जमिनीवर तर अजिबात करायची नाय."

हे वाक्य मला इतकं स्पष्ट आठवतं, की ते मी विसरलो होतो असं मला म्हणता येत नाही.

गावात तिला वेडी म्हणणारेही होते. एका घरावरून रात्री टिटवी ओरडत गेली आणि त्या घरातली म्हातारी आजारी होती, तेव्हा तिचा मुलगा सकाळीच काठी घेऊन टेपाडाकडे निघाला. आत्या चरात उभी होती. बाजूला झाली नाही.

"आई मरंल ना माझी!"

"तुझ्या आईला डाक्तरकडं ने. टिटवी तुझ्या आईला नाय ओरडली, तुझ्या कुत्र्याला शिव्या देत होती. रातच्याला मोकळा सोडतोस, तो इथं येतो पोहत."

तो दात-ओठ खात उभा राहिला. शेवटी आईला मुरबाडला दवाखान्यात घेऊन गेला. म्हातारी बरी झाली. आत्यानं त्याला एवढंच विचारलं, "कुत्रा बांधतोस का आता?"

दर पौर्णिमेला ती वस्तीतलं विहार झाडायची आणि सगळ्यांबरोबर पंचशील म्हणायची. जीव घेणार नाही, दिलेलं नसेल ते घेणार नाही, खोटं बोलणार नाही. तोंडानं पुटपुटून मोकळं व्हायची रीत तिच्याकडे नव्हती. एकदा मी तिला म्हटलं, उशीर झाला म्हणून साहेबांना जीप बिघडली असं सांगितलं. ती खणायची थांबली. "बिघडली होती?" "नाही." "मग?"

आता बाळारामचं सांगतो. वरच्या आळीतला बाळाराम हा मेहनती शेतकरी, तोंडानं फटकळ. टेपाडाच्या उतारावरचा गाळ धरणातला सगळ्यात चांगला. तिथं काकडी लावायचं त्याच्या मनात होतं. पुढं एका वर्षी फेब्रुवारीत त्यानं चारचौघांत विषय काढला.

"आत्या, पाखरांसाठी एवढा गाळ वाया? पाखरं मतदान करतात काय?"

"तू तरी करतोस काय? त्या दिवशी म्हसा गावाला जत्रेत होतास."

हशा झाला, पण लोकांना बाळारामचं म्हणणं पटत होतं. शेवटी असं ठरलं : पावसाआधी टेपाडावरची पिल्लं स्वतःच्या पायांनी चालत पाण्याला लागलेली चौघांनी पाहिली, तर टेपाड कायमचं पाखरांचं. नाहीतर पुढच्या वर्षापासून बाळारामचं. तोवर कुणी मान ओलांडायची नाही. बाळारामनं सगळ्यांसमोर शब्द दिला.

त्या वर्षी टेपाडावर अकरा घरटी होती. एप्रिलच्या सुरुवातीला आत्याची कल्याणची मुलगी बाळंत झाली. आत्याला तीन दिवस जावं लागलं. शेअर जीपमध्ये बसताना ती मला म्हणाली, "रोज एकदा टेपाडावरनं चाल. थांबू नको. आन काही करू नको."

पहिल्याच दुपारी एक म्हैस बाजूनं पोहत टेपाडावर चढली. मी ओरडत धावलो, तिला हाकललं. तिचा खूर एका घरट्यापासून वीतभर अंतरावर पडला होता. मासे धरायला येणारी पोरंसोरं, गुराखी, कुणाचाही पाय पडू शकतो, आणि आत्या परत येईल तेव्हा मी तिला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं.

आमच्या खात्यात दगड पांढरा केला की तो सुरक्षित झाला असं समजतात. हद्दीचे दगड पांढरे, मोजणीचे दगड पांढरे, पट्टीवरचे आकडे पांढरे. मी कार्यालयातला पेंटचा डबा आणला. नारळाएवढे दगड गोळा करून रंगवले आणि एकेका घरट्याशेजारी हातभर अंतरावर एकेक ठेवला. म्हणजे येणारा माणूस दगड बघेल आणि वळसा घालून जाईल. आठ दगड झाले आणि पेंट संपला. टोकाकडची तीन घरटी तशीच राहिली. घरी जाताना मला फार बरं वाटत होतं. खरं सांगतो, आत्या आल्यावर काय म्हणेल याची वाक्यंसुद्धा मी मनात जुळवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा लिहून मी खाली उतरलो. टेपाडावर टिटव्यांचा नुसता कल्लोळ चालला होता. एक कावळा जमिनीवर होता. तो उडत नव्हता, चालत होता. एका पांढऱ्या दगडापासून दुसऱ्या पांढऱ्या दगडापर्यंत, शाळेत हजेरी घेतात तसा. बाकीचे चार त्याच्या मागं.

मी पोचेपर्यंत आठही घरटी रिकामी झाली होती. पेंट संपला म्हणून राहिलेली तीन तेवढी शाबूत होती.

तिथंच कबूल करायचं ठरवलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. मी दगड पोत्यात भरले. कुठं टाकायचे? जिथं पाणी सगळ्यात खोल होतं तिथं. म्हणजे चरात, जिथं आत्यानं आणि मी महिनाभर खणून मांडीभर पाणी राखलं होतं. एकेक दगड मी हातानं पाण्यात सोडला, आवाज होऊ नये म्हणून.

आत्या आली. पाटी डोक्यावर घेऊन, नातीच्या गोष्टी मोठ्यांदा स्वतःशीच बोलत, टेपाडावरून एकदा चालून आली. एकाही जागी थांबली नाही. काठावर येऊन बसली तेव्हा तिचा चेहरा मातीसारखा झाला होता.

"कोण आलं होतं?"

"मी आठपर्यंत भिंतीवर असतो, आत्या," मी म्हणालो. "त्यानंतर एक म्हैस आली होती."

"म्हैस अंडी खात नाय." ती बाळारामच्या तुकड्याकडे बघत राहिली. मी तिची नजर कुठं गेली ते पाहिलं आणि गप्प राहिलो.

दुपारी कलिंगडांच्या वेलांत पाच-सहा माणसं जेवायला बसली होती. आत्या बाळारामसमोर जाऊन उभी राहिली. "पोटासाठी मागितलं असतंस तर माझा तुकडा दिला असता रे. चोरून अंडी कशाला काढलीस?"

बाळाराम हातातली भाकर घेऊन तसाच उठला. "आत्या, काकडी लावीन म्हटलं होतं मी. अंडी चोरीन असं नव्हतं म्हटलं. माझ्या पोरांची शपथ घेऊ?"

"पोरांना नको मधी आणू."

"मग कुणाला आणू? सांग, कुणाला आणू?" त्याचा आवाज फाटला. त्याची बायको मान खाली घालून डबे गोळा करू लागली. मी त्या माणसांपासून दहा पावलांवर होतो. बाळारामनं माझ्याकडे पाहिलं. "पट्टीवाले, तुमी रोज इथं असता. मला मान ओलांडताना बघितलं काय?"

"नाही," मी म्हणालो. "मी बघितलं नाही."

शब्द खरे होते. पण मी ते अशा आवाजात म्हणालो, की ऐकणाऱ्याला वाटावं, बघितलं नसेल म्हणून काय झालं.

त्यानंतर गावात बाळारामला अंडेचोर म्हणायला लागले. आधी मस्करीत, मग त्याच्या मुलाला शाळेत. आत्या त्याच्या वाटेवरून जायची नाही. आणि पाणी रोज उतरत होतं.

नोकरी माझी पाणी मोजायची. चरात पाणी किती राहिलंय आणि दगड किती खाली आहेत, हे माझ्याइतकं अचूक कुणाला ठाऊक असणार? रोज सकाळी मी आकडा वाचायचो तो आता त्या आठ दगडांसाठी. एकवीस बोटं. सतरा बोटं. चौदा. आत्या आता दिवसरात्र काठावर राखण करत बसलेली, त्यामुळे दगड काढता येत नव्हते. मी चराच्या त्या भागात स्वतः उभा राहून खणायचो, म्हणजे तिचं फावडं तिकडं जाणार नाही. तीन घरट्यांवर पाखरं बसून होती. रोज मला वाटायचं, आज सांगू. रोज ती विचारायची, "किती उतरलं?" आणि मी बोटं सांगायचो.

एका सकाळी मला वर फोनवर थोडा वेळ लागला. खाली आलो तर ती माझ्या जागी उभी राहून खणत होती. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि फावडं दगडावर वाजलं.

तिनं हात घालून दगड वर काढला. त्याच्यावरचा चिखल पाण्यात हलवून धुतला. ऑइल पेंट तसाच होता. तिनं दगड हातात फिरवला, मग मान वळवून दूर भिंतीवरच्या पट्टीच्या पांढऱ्या आकड्यांकडे पाहिलं. मग टोकाच्या तीन घरट्यांकडे. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी म्हणालो, "आत्या..."

"लग्नाला दोन वरसं झाली होती," ती म्हणाली. दगड तिनं हळूच पुन्हा चिखलात ठेवला. "तवा आमचा गाळाचा तुकडा टेपाडावरच होता. माझ्या फावड्याखाली चार अंडी फुटली. टिटवी डोक्यावर फिरत होती. धनी लांबून म्हणाले, काय गो, काय झालं? मी म्हटलं, काय नाय, रिकामंच घरटं होतं. त्यांनी काय मला मारलं नसतं. तरी म्हटलं." तिनं फावडं पुन्हा हातात घेतलं. "किती उतरलं आज?"

"पाच बोटं."

तिनं पाच बोटांइतकं खणलं. मग फावडं धुतलं, काठावर ठेवलं आणि चिखलानं भरलेल्या पायांनी तशीच बाळारामच्या तुकड्याकडे निघाली. मीही मागं गेलो. तिथं त्या दिवशीचीच माणसं होती.

"बाळाराम, मी चुकले. अंडी कावळ्यांनी नेली. मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. पौर्णिमा आलीय, ह्या तोंडानं मी विहारात बसू शकत नाय."

बाळाराम काकड्या भरत होता. त्यानं वर पाहिलं नाही. "मग आता कावळ्यांच्या पोराला शाळेत चिडवायला सांगा."

"मी येते शाळेत. सगळ्यांसमोर सांगते."

"कावळे दर साली असतात. यंदाच त्यांना सगळी घरटी कशी घावली?"

आत्या म्हणाली, "यंदा तीन दिवस मी नव्हते."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. तिनं ते वाक्य शोधून काढलं होतं, माझ्यासाठी, आणि मी ते घेतलं. मी तिथं उभा होतो, मला वाचा होती, आणि मी ती वापरली नाही. नोकरीची भीती होती का? खात्याचा अर्धा डबा पेंट गेला म्हणून कुणाची नोकरी जात नाही. मला मूर्ख दिसायचं नव्हतं, एवढंच.

"शब्द मोडायचा तर मोड," आत्या त्याला म्हणाली. "तुला हक्क आहे. पण मोडायचा असंल तर आधी मला सांग."

बाळाराम थुंकला आणि टोपली उचलून गेला.

आत्या खरंच शाळेत गेली. मुलांच्या रांगेसमोर उभी राहून सांगून आली.

पुढचे बारा दिवस मी नीट झोपलो नाही. बाळारामचा नांगर काठावर येऊन पडला होता. त्यानं तो आणला आणि तसाच ठेवला. आत्या रोज तो बघायची. एका टिटवीची अंडी उबली नाहीत. दुसरीची दोन पिल्लं निघाली, पण एक घारीनं उचललं आणि दुसरं पुन्हा दिसलं नाही. मे महिन्यात एका सकाळी शेकाट्याच्या घरट्यातून चार पिल्लं उठली. कापसाच्या गोळ्यांना काड्या लावाव्यात तशी. आत्यानं बाळारामला निरोप धाडला. तो तिघांना घेऊन आला, हाताची घडी घालून चराच्या या बाजूला उभा राहिला. पिल्लं धडपडत, बसत, पुन्हा उठत पाण्याकडे चालली. झाडावर कावळे होते. आत्या सगळ्यांना पुटपुटली, "थांबू नका रे, चालत राहा, काकडीचं बोला." आणि ती चार दांडगी माणसं काठावर उगाच येरझाऱ्या घालत काकडीचं बोलू लागली. पहिलं पिल्लू पाण्याला लागलं. मग बाकीची तीनही.

"दिसली," बाळाराम म्हणाला. नांगर खांद्यावर टाकून तो गेला. टेपाड तेव्हापासून पाखरांचं आहे.

दिवाळीनंतर आत्याला दम लागायला लागला. मुलगी तिला कल्याणला घेऊन गेली आणि त्याच थंडीत ती तिथं वारली.

बाळारामला मी सगळं सांगितलं ते त्यानंतरच्या मार्चमध्ये, मान कापताना. माझ्याबरोबर खणायला तो आपणहून आला होता. त्यानं ऐकून घेतलं, फावडं चिखलात उभं केलं आणि निघून गेला. तिसऱ्या दिवशी आला आणि चराच्या दुसऱ्या टोकाकडून खणू लागला. आम्ही अजून तसेच खणतो, दोन टोकांकडून. त्यानं मला माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही.

आत्याला मी शेवटचं पाहिलं ते मुरबाडच्या जीप स्टँडवर. बाळाराम तिची पिशवी टपावर चढवत होता. गावची दहा-बारा माणसं निरोपाला आली होती. कुणीतरी विचारलं, "आत्या, तू चाललीस. पण यंदाच्या उन्हाळ्यात एवढी घरटी कावळ्यांना घावली कशी, ते काय कळलंच नाय."

मी वाटेतच होतो, तिच्यापासून हातभर अंतरावर. एक-दोघांनी माझ्याकडे पाहिलं, कारण त्या तीन दिवसांची राखण माझ्यावर होती हे त्यांना ठाऊक होतं. आत्या चालत आली. दम लागला होता, तरी थांबली नाही. माझ्या बाजूनं जाताना तिचं पातळ माझ्या हाताला घासलं. तिची नजर पुढं, जीपच्या दाराकडे होती.

"बाळाराम," ती मोठ्यांदा म्हणाली, "वांगी कशी दिलीस रे यंदा?"

सगळे बाळारामकडे बघू लागले.